अध्यक्षांनी स्वतः उभे राहून

माझ्या वडिलांना, दादांना, नगरपंचायतीच्या सभेतून बाहेर काढलं त्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो आणि उठलो नाही. हे आधी लिहून टाकतो. पुढे मी जे केलं ते गावाच्या भल्यासाठी केलं असं काही लोक म्हणतात, आणि ते खरं नाही.

दादा बदनापूरला शेतीच्या संशोधन केंद्रात होते. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. निवृत्त होऊन आमच्या गावी परतले तेव्हा लिहायला पाऊस राहिला नव्हता, म्हणून त्यांनी नळ धरला. नळ कोणत्या दिवशी आला, किती वाजता आला, किती वाजता गेला. चौदा महिन्यांची नोंद झाल्यावर त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. आमच्या गल्लीत पाणी अकराव्या दिवशी यायचं आणि शेजारच्या, म्हणजे अध्यक्षांच्या गल्लीत पाचव्या.

गाव पूर्वी ग्रामपंचायतीचं होतं. नगरपंचायत झाली, सतरा सदस्य आले, सभेला माइक आला. मागे दोन रांगा खुर्च्या लोकांसाठी ठेवल्या होत्या. दादा त्यातल्या एकीवरून कागद घेऊन उभे राहिले. त्यांचं अर्धं वाक्य झालं असेल.

"काका," अध्यक्ष माइकवर म्हणाले, "हे काय हवामान खातं आहे का?"

सभागृह हसलं.

"सभेत बोलायचा हक्क निवडून आलेल्यांचा. तुमी मतदार. तुमचं बोलणं बटन दाबलं तवाच झालं. आता पाच वर्षांनी बोला." मग शिपायाला, "काकांना जरा हवेशीर बसवा."

शिपायाने दादांचा कोपर धरला. दादांनी कागदाच्या घड्या घातल्या, दारात वळून सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. मी तोपर्यंत मोजत होतो. सतरापैकी अकराजण हसले होते.

त्यानंतर दादांचं नावच पडलं. सकाळी हमरस्त्यावरच्या हॉटेलात ते चहाला जायचे. तिथे कोणीतरी म्हणायचं, "या, हवामान खातं आलं. आज काय अंदाज?" आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं आणि नंतर जाणंच बंद केलं. साठी ओलांडलेला माणूस चहा घरी प्यायला लागला, तर बघणाऱ्याला त्यात काही वाटणार नाही. मला वाटलं. मी ठरवलं की ज्या सभागृहात हे झालं त्याच सभागृहात अध्यक्षांना सगळ्यांसमोर उभं करायचं आणि दादांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावायचं. निवडणुकीत पाडणं माझ्या हातात नव्हतं आणि मारामारी मला जमत नाही. मला कागद जमतो.

मुख्याधिकारी नवीन होते, तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले. मी त्यांना विचारलं, मतदाराने सभेत बोलू नये हे कुठे लिहिलं आहे? त्यांनी कपाटातून सभा चालवण्याची उपविधी, म्हणजे नगरपंचायतीची स्वतःची नियमावली, काढली. ती दुसऱ्या कुठल्यातरी गावाची जशीच्या तशी उतरवलेली होती, एका पानावर तर नावही त्याच गावाचं राहिलं होतं. त्यात एवढंच होतं की प्रेक्षकांनी शांतता राखावी.

"मग बोलावं असं लिहायचं असेल तर?" मी म्हणालो.

"उपविधी दुरुस्त करावी लागेल."

"करता येते?"

"येते. पण आजवर कुणी विचारलं नाही." त्यांनी टप्पे सांगितले आणि मी लिहून घेतले. एका सदस्याने दुरुस्ती सभेपुढे मांडायची. सभेने मसुदा स्वीकारला की तो फलकावर लावायचा आणि तीस दिवस लोकांच्या हरकती-सूचना घ्यायच्या. त्यांच्यावर सुनावणी, मग सभेत पुन्हा मतदान, आणि शेवटी जालन्याला जिल्हाधिकारी कार्यालयाची मंजुरी. ऐकताना मला पहिल्यांदा बरं वाटलं. या सगळ्यात अध्यक्षांचं मत एक होतं. सतरात एक.

मसुदा मी चार दिवस घासला. मतदाराने सभेच्या पूर्ण सात दिवस आधी लेखी प्रश्न द्यावा. एका सभेत एका मतदाराचा एकच प्रश्न, पन्नास शब्दांच्या आत. उत्तर अध्यक्षांनी स्वतः उभे राहून द्यावे.

मुख्याधिकाऱ्यांचं बोट तिथे थांबलं. "उभे राहून कशाला?"

"मागच्यांना ऐकू यावं म्हणून."

"माइक आहे की."

"लाइट जाते."

ते हसले आणि त्यांनी ते वाक्य ठेवलं. वर एक सल्ला दिला, की "उत्तरावर चर्चा होणार नाही" असं शेवटी घाला, म्हणजे सदस्य बिचकणार नाहीत. मी घातलं. मला घाई झाली होती.

मसुदा मांडायला सदस्य हवा होता. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका ताई सभेत कधी बोललेल्या नव्हत्या, त्यांचे यजमान दारात उभे राहून खुणा करायचे. यजमान शेतावर गेल्याचं बघून मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं वाचून दाखवलं. त्या तूर निवडत होत्या.

"भाऊ, बाहेरच्या माणसाला बोलू द्यायचं म्हणता?"

"हो."

"मलाच तिथं कोणी बोलू देत न्हाई." सुपातला खडा त्यांनी बाहेर टाकला. "बाहेरच्याला मिळालं तर मंग मलाबी एखाद्या दिवशी मिळल. आणा, कुठं सही करू?"

बाकीच्यांसाठी मी एक कागद केला. सतरा ओळी, आणि प्रत्येकापुढे त्याचा अध्यक्षांवरचा राग. एकाच्या वॉर्डातल्या रस्त्याच्या फलकावर त्याचं नाव खाली आणि बारीक छापलं होतं. एकाला पाहुण्यांसमोर अरेतुरे झालं होतं. गावातल्या एका लग्नात अध्यक्षांनी स्वतः फेटा बांधून घेतला, उपाध्यक्षांना बोलावलंच नव्हतं. प्रत्येकाकडे जाऊन मी आधी त्याचा राग ऐकला, मग मसुदा पुढे केला. मसुदा स्वीकारला गेला. अध्यक्ष तेव्हा हसतच होते. म्हणाले, "लावा फलकावर. कोण वाचतंय?"

फलक दाराच्या मागे होता. दार उघडं असलं की दिसायचा नाही. मी वाट बघत बसलो नाही. शेजारी कपडे शिवणारे भाई राहतात, माझ्याच वयाचे, त्यांना बरोबर घेतलं आणि घरोघर सह्या घेतल्या. भाईंची बोलायची रीत चांगली. "देखो भाभी, बिलकुल सीधी बात है. तुमी प्रश्न पुसायचा, त्यानं खडा होके जवाब द्यायचा." वीस दिवसांत पाठिंब्याच्या चारशे बारा सह्या झाल्या.

तीस दिवस संपले तेव्हा विरोधाच्याही तीनशे एकोणनव्वद सह्या दाखल झालेल्या होत्या. अध्यक्षांची माणसंही फिरली होती.

मी त्या यादीची प्रत मिळवली आणि दोन दिवस सुट्टी टाकून दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या. आमच्या गावात दारात आलेल्या माणसाला सहीसाठी नाही म्हणत नाहीत. चहा नाकारला तर चालतो, सही नाकारली तर तोंड वाकडं होतं. त्यामुळे दोनशे छत्तीस लोकांनी दोन्हीकडे सह्या केल्या होत्या. पाठिंबाही आणि विरोधही, आणि कितीकांनी तर बहुधा एकाच पेनाने.

विरोधाच्या यादीत तिसऱ्या पानावर, बावन्नाव्या क्रमांकावर माझ्या बायकोची सही होती.

ती भाकऱ्या थापत होती. मी कागद पुढे धरला.

"अध्यक्षांची आई आल्ती," ती म्हणाली. "एवढी म्हातारी बाई दोन पायऱ्या चढून आली, पाणी मागितलं, मंग कागद काढला. काय हाकलून देऊ?"

"कागदावर काय आहे ते वाचलं का?"

"तुमचा तरी कुठं वाचला होता?"

ती नळ आल्यावर अकरा दिवसांचं पाणी भरते, मी नाही. तरीपण तिची सही यादीतून गुपचूप गाळावी असं दुपारपर्यंत माझ्या मनात होतं, हे खरं आहे. एक माणूस गाळला तर कोण तपासणार होतं? पण मग मी दोनशे पस्तीस लिहिलं असतं आणि तो आकडा खोटा झाला असता. खोट्या आकड्याने अध्यक्षांना उभं करण्यात मला मजा आली नसती.

सुनावणीत मात्र कायद्यानेच बोलायला मिळतं. मी उभा राहिलो आणि आकडे वाचले. दोन्हीकडचे दोनशे छत्तीस वजा केले तर पाठिंब्याचे एकशे शहात्तर उरतात आणि विरोधाचे एकशे त्रेपन्न. तेवीसचा फरक.

अध्यक्षांनी विरोधाच्या यादीची माझी प्रत चाळली. त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं. "बावन्न नंबर बघा सगळ्यांनी. ह्यांच्या घरातच एकमत न्हाई आणि हे गावाला नियम शिकवायला निघाले."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "त्याखाली निळी रेघ मीच मारली आहे. आता माझ्या यादीत एकशे एकोणिसावा नंबर बघा. ते तुमचे सख्खे मेव्हणे. त्यांची सही मी धरली नाही, कारण ती तुमच्याकडेही आहे."

मेव्हणे दारापाशीच उभे होते. ते चप्पल शोधायला लागले. अध्यक्षांच्या मानेवर लाली चढली ती मी शेवटपर्यंत बघितली. बायकोवर नंतर चार दिवस गल्लीत चर्चा झाली, पण ती मला म्हणाली, "झालं ते झालं. पण मेव्हण्याचं तोंड बघायला मला न्यायला पाहिजे होतं."

मतदानाला नऊ हात वर झाले, सात विरोधात, एक गैरहजर. नववा हात ताईंचा होता. दारातून यजमान हात खाली करायची खूण करत होते आणि ताई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

नंतर जालना. जिल्हाधिकारी कार्यालयात मी सात वेळा गेलो. पहिल्या वेळी फाइल आली नव्हती, दुसऱ्या वेळी आली होती पण सापडत नव्हती, तिसऱ्या वेळी तिच्यात ते दुसऱ्या गावाचं नाव सापडलं आणि ती परत आली. बाकीच्या चार खेपांचं लिहिण्यासारखं काही नाही. मी बसस्टँडवर उतरून चालत जायचो आणि चालताना मनात तोच प्रसंग रंगवायचो. अध्यक्ष उभे आहेत, हातात कागद आहे, मागच्या रांगा भरल्या आहेत. एकदा रंगवण्याच्या नादात कार्यालयाच्या पुढे निघून गेलो. राग इतके दिवस ताजा राहतो हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं.

मंजुरी आली तोवर आमचा नळ बदलला होता. मतदान हरल्याच्या पुढच्याच महिन्यात अध्यक्षांनी आमच्या गल्लीचं पाणी सहाव्या दिवसावर आणलं. गल्ली खूश. भाई म्हणाले, "भाऊ, आपलं काम तर झालं. आता कशाला प्रश्न?"

दादाही तेच म्हणाले. "पाणी सहाव्या दिवशी येऊन राह्यलं. विचारू काय?"

"तेव्हाचं विचारायचं."

"तवाचं पाणी आता येणार हाय का?" असं म्हणून ते पेपर वाचायला लागले. मी प्रश्न माझ्या नावाने दिला. त्या चौदा महिन्यांत आमच्या गल्लीला अकराव्या आणि शेजारच्या गल्लीला पाचव्या दिवशी पाणी का? तारखांसकट सव्वीस शब्द, पूर्ण सात दिवस आधी.

सभेला मागे खुर्च्या पुरल्या नाहीत. भिंतीला टेकून लोक उभे होते. माझा प्रश्न वाचला गेला. मुख्याधिकारी म्हणाले, "उपविधीप्रमाणे अध्यक्षांनी स्वतः उभे राहून..." आणि अध्यक्ष उभे राहिले. कागद धरला. "तांत्रिक कारणास्तव," ते म्हणाले आणि खाली बसले.

माझ्या घड्याळात अकरा सेकंद. मी तोंड उघडलं तर मुख्याधिकाऱ्यांनी हळूच मान हलवली. उत्तरावर चर्चा होणार नाही. वाक्य माझंच होतं.

तेवढ्यात ताईंचा आवाज आला. मतदाराला चर्चा नव्हती, सदस्याला कोण अडवणार?

"कोणतं तांत्रिक कारण?"

अध्यक्ष अर्धे उठले. बसून उत्तर द्यावं की उभं राहून हे त्यांना कळेना, आणि ते तसेच टेबलाला धरून वाकलेले राहिले. "वाल्वचं."

"कोणता वाल्व?"

"माहिती घेऊन सांगतो."

"एवढे महिने कोणी घेतलीच न्हाई का माहिती?"

भिंतीकडून कोणीतरी ओरडलं, "हवामान खात्याला विचारा, त्यांच्याकडं लिहून असंल!" आणि सगळे हसले. मी सदस्य मोजले. नऊ हसले होते. अकराला दोन कमी, पण ठीक.

घरी आलो तो जवळजवळ पळतच. दादांना सगळं साभिनय सांगितलं, ते अर्धवट वाकणंही करून दाखवलं. बायको पोट धरून हसली. दादा म्हणाले, "उत्तर काय दिलं?"

"सांगितलं ना. वाल्व."

"ते उत्तर न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "मला एक सांग. टाकी तीच हाय. पंप तोच. लाइट तेवढीच येते. आपले पाच दिवस कमी झाले. अध्यक्षाच्या गल्लीचे वाढले का?"

"नाही. पाचच."

"मंग कुणाचे वाढले?"

इतक्या आकडेमोडीत ही वजाबाकी मी केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी भाईंना घेऊन बाजारामागच्या गल्लीत गेलो, भाईंचं दुकान तिकडेच आहे. तिथे पाणी पूर्वी आठव्या दिवशी यायचं. आता तेराव्या दिवशी येत होतं. एका बाईने आम्हाला बघून विचारलं, "पुन्हा सही पाहिजे का?" आणि दार लावलं.

घरी येऊन मी याद्या काढल्या. त्या गल्लीतल्या एकतीस सह्या माझ्या एकशे शहात्तरमध्ये होत्या. त्या वजा केल्या तर माझे एकशे पंचेचाळीस उरत होते आणि विरोधाचे एकशे त्रेपन्न. मी सुनावणी त्यांच्या जोरावर जिंकलो होतो, आणि माझ्या नळाला येणारं पाणी त्यांचं होतं. अध्यक्षांनी मला पाणी देऊन गप्प करायचा बेत केला, आणि ते देताना स्वतःच्या गल्लीतला थेंब हलवला नाही. त्या रात्री जेवताना मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा दादांना बाहेर काढलं त्या दिवशीही आला नव्हता. त्यातला थोडा माझ्यावरचा होता, पण तो मी त्यांच्याच खात्यात टाकला.

आता दादांनी प्रश्न स्वतः सांगितला आणि मी लिहून घेतला. टाकीतून कोणत्या गल्लीचा वाल्व कोणत्या दिवशी किती तास उघडतात त्याचं वेळापत्रक फलकावर का लावत नाही? "आणि फलक दारामागून काढा, तेबी लिही," ते म्हणाले. गल्ल्यांची नावं घालून बेचाळीस शब्द झाले. "नाव माझं टाक."

गल्लीला हे कळलं तसं भाई आले. त्यांना राग नव्हता, काळजी होती. "भाऊ, सबका बराबर वाटप झालं तर अपना नळ आठ दिवसांवर जाईल. मेरे घर में नौ लोग आहेत."

"साडेसात," दादा आतून म्हणाले. "मी काढलंय. सगळ्यांना साडेसात येतंय."

"साडेसात तर चलेगा," भाई म्हणाले आणि चपला घालता घालता, "भाभीजींनी तेरा दिवस कसं भरलं असंल," एवढंच बोलून दुकानाकडे गेले. कोणती भाभीजी ते मी विचारलं नाही.

अर्ज मी काल दाखल केला, पूर्ण आठ दिवस आधी. दादा सभेला येणार आहेत. त्यांनी इस्त्रीला शर्ट दिला आहे. त्यांना अध्यक्ष उभे राहिले काय, बसले काय, काही फरक पडत नाही, तसं त्यांनी मला सांगितलं. त्यांना वेळापत्रक हवं आहे. ते मिळालं तर मलाही आनंदच आहे, बाजारामागच्या गल्लीत मला पुन्हा मान वर करून जाता येईल. पण मी सात सदस्यांना सात पुरवणी प्रश्न लिहून दिले आहेत, प्रत्येकी एक, पहिला ताईंचा. एकेका प्रश्नाला अध्यक्षांना उठावं लागेल असं सभेतच म्हणायचं मुख्याधिकाऱ्यांनी कबूल केलं आहे. या वेळी अकरा सेकंदांत त्यांना बसू द्यायचं नाही. माझ्या हिशोबाने किमान वीस मिनिटं होतात.